एका वर्षाच्या मोजणीवरून वीस वर्षांचा वारा: चाळकेवाडी ते ढालगाव, नवशिक्यांसाठी

पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं धरतात आणि तिच्या जागेवरचा वारा मोजतात एखादं वर्ष, फार तर दोन. बँक कर्ज देते ते पुढच्या सगळ्या वर्षांच्या विजेवर. आता ते मोजलेलं एक वर्ष जोराचं होतं की मवाळ, हे त्या वर्षाच्या आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळत नाही. एका सुगीच्या पोत्यांवरून कुणी रानाची किंमत करत नाही, तसंच हे. त्यासाठी संख्याशास्त्राची जी रीत वापरतात तिला या धंद्यात एमसीपी म्हणतात: मेझर, कोरिलेट, प्रेडिक्ट. जागेवर थोडा काळ मोजायचं, त्या मोजणीचं जवळच्या एखाद्या दीर्घ मालिकेशी नातं बसवायचं आणि त्या नात्याच्या आधारे जागेचा दीर्घकालीन वारा काढायचा.

कराड-सांगलीच्या कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले, स्प्रेडशीट आणि थोडं पायथन येणारे, पण हे काम पहिल्यांदा करणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. सूत्रं पुस्तकांत मिळतात. ती आपल्या सड्यांवर लावताना कुठे घसरायला होतं, ते पुस्तकांत सहसा नसतं, म्हणून भर त्यावर आहे.

आधी इथला वारा ओळखा

सातारा-सांगलीचा वारा एका ऋतूवर चालतो. मेच्या मध्यापासून पश्चिमेचा जोर वाढतो, जून ते सप्टेंबर तो टिकतो आणि वर्षाच्या विजेतला मोठा वाटा याच काळात पडतो. कारण समुद्रावर आहे. सोमालियाच्या किनाऱ्यालगत तयार होऊन अरबी समुद्र ओलांडून येणारा, खालच्या थरातला वेगवान झोत ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये मांडला. त्याचा गाभा समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटरवर असतो. सातारा जिल्ह्यातलं वनकुसवड्याचं पठार सुमारे ११५० मीटरवर आहे. म्हणजे इथे जमीनच उठून त्या झोताच्या जवळ गेलेली आहे. ऑक्टोबरात वारं पडतं. हिवाळ्यात ते पूर्वेकडून वाहतं, आणि दिवसाचा वारा वेगळा, रात्रीचा वेगळा असतो.

पाऊस घाटमाथ्यावर रिकामा होतो, वारा मात्र पुढे कवठेमहांकाळ-जतच्या माळापर्यंत जातो. म्हणून ढालगावसारख्या दुष्काळी पट्ट्यातही पवनचक्क्या उभ्या आहेत. ‘यंदा पाऊस चांगला, म्हणजे वाराही चांगला’ हे गणित गावात सर्रास ऐकू येतं, ते अहवालात आणू नका. पावसात खंड पडतो तेव्हा हा झोत दक्षिणेकडे सरकतो, हे खरं आहे. पण हंगामाचा एकूण पाऊस आणि पठारावरचा एकूण वारा यांचं नातं इतकं सरळ नाही की एकावरून दुसरा काढावा.

पायरी पहिली: जागेवरची मोजणी

मास्ट, म्हणजे उपकरणं लावायचा खांब, जितका उंच तितकं बरं. चक्कीचा हब, म्हणजे पाती जिथे जोडतात तो मध्य, ज्या उंचीवर येणार तिच्या निदान दोन-तृतीयांश उंचीवर मोजणी हवी, हा रूढ दंडक आहे. वेग मोजणारे कपवाले ॲनिमोमीटर कॅलिब्रेशनच्या दाखल्यासह घ्या आणि वरच्या टोकाला दोन लावा, म्हणजे एक बिघडला तर दुसरा साक्षीला राहतो. खाली आणखी दोन-तीन उंचींवर मापन, दिशेसाठी व्हेन, शिवाय तापमान आणि हवेचा दाब. लॉगर दर दहा मिनिटांची सरासरी, कमाल, किमान आणि प्रमाण विचलन नोंदवतो.

आडव्या दांड्या कुठल्या दिशेला काढायच्या, हे इथे आधीच ठरलेलं असतं, कारण महत्त्वाचा वारा पश्चिम ते नैर्ऋत्येचा. मास्टच्या आडोशात ॲनिमोमीटर येणार नाही अशा बाजूला दांडी हवी. पूर्वेला काढली तर ऐन पावसाळ्यात तो मास्टच्याच सावलीत जातो आणि वर्षातले सगळ्यात मोलाचे आकडे खराब होतात.

मोजणी पूर्ण बारा महिन्यांची हवी आणि त्यात एक सलग पावसाळा हवाच. शक्य असेल तर मास्ट एप्रिलमध्ये उभा करा. जूनमध्ये सड्यावर काम करणं धोक्याचं असतं, आणि जुलैत उभ्या केलेल्या मास्टला पहिला पावसाळा अर्धा, दुसराही अर्धाच मिळतो. दोन वेगळ्या वर्षांचे अर्धे पावसाळे जोडून एक होत नाही.

कड्याच्या काठावर मास्ट उभा करायचा मोह आवरा. तिथे वारा उसळून वर येतो. खालच्या उंचीवर वेग जास्त आणि वर कमी, असा उलटा प्रकारही दिसू शकतो. अशा जागी, उंचीबरोबर वेग ठरावीक प्रमाणात वाढतो असं धरणारा ‘एक-सप्तमांश’ घातांक लावून पन्नास मीटरच्या वेगावरून शंभर मीटरचा वेग काढला, तर आकडा छान येतो आणि खोटा असतो. सपाट मुलखासाठी बनवलेली वाऱ्याच्या प्रवाहाची संगणकी प्रारूपंही इथे अडखळतात. आजूबाजूची बरीच जमीन तीस टक्क्यांहून जास्त उताराची असेल, तर त्यांच्या निकालाकडे संशयानेच पाहा. ढालगाव-जतच्या माळावर ही अडचण फार नाही.

पायरी दुसरी: आकड्यांची साफसफाई

हे काम कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच ते नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. मनापासून करा. वरच्या टोकाच्या दोन्ही ॲनिमोमीटरांचं गुणोत्तर दिशेप्रमाणे आलेखावर काढा, मास्टची सावली लगेच दिसेल. व्हेनची उत्तर दिशा चुकीची बसवलेली असणं हा फार सामान्य दोष आहे. पावसाळ्यात वारा वायव्येकडून येतोय असं दिसलं, तर आधी व्हेन तपासा. प्रमाण विचलन तासन् तास शून्य असेल, तर कप अडकला आहे किंवा केबल गेली आहे.

विजा पडून लॉगर बंद पडला आणि जुलैतले तीन आठवडे गेले, असं सड्यावर होतं. मग उरलेल्या आकड्यांची सरळ सरासरी काढली तर वार्षिक वेग खोटा कमी येतो, कारण गळालेत ते नेमके जोराचे दिवस. त्यासाठी आधी प्रत्येक महिन्याची सरासरी काढायची, मग महिन्यांच्या दिवसांचं वजन देऊन वर्षाची. एखादा महिना निम्म्याहून जास्त रिकामा असेल, तर तो आधी भरून घ्या: खालच्या उंचीवरच्या ॲनिमोमीटरवरून, किंवा पुढे येणाऱ्या संदर्भ मालिकेवरून. नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी हाती आल्या तर काम ठीक झालं असं धरतात. पण उरलेले दहा टक्के कुठल्या महिन्यातले, हे त्या नव्वदाइतकंच महत्त्वाचं.

पायरी तिसरी: संदर्भ मालिका निवडणं

पूर्वी संदर्भ म्हणजे जवळची वेधशाळा. महाबळेश्वरला भारतीय हवामान विभागाचं जुनं केंद्र आहे, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशभर केलेल्या मास्टच्या मोजण्याही आहेत. वेधशाळेचा वारा दहा मीटरवर मोजलेला असतो. मालिका लांब असली, तरी वीस वर्षांत केंद्राभोवती झाडं वाढतात, इमारती येतात, उपकरण बदलतं. मग आकडे हळूहळू घसरतात आणि आपण म्हणतो, वारा कमी झाला.

आज बहुतेक जण रिॲनालिसिस वापरतात: जुन्या सगळ्या निरीक्षणांना हवामानाच्या एकाच प्रारूपातून पुन्हा चालवून तयार केलेली मालिका. युरोपच्या हवामान-अंदाज केंद्राची ईआरए-५ ही १९४० पासूनची, तासागणिक, सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळ्यावरची आहे, आणि तिच्यात शंभर मीटरवरचा वाराही मिळतो. नासाची मेर्रा-२ ही १९८० पासूनची, जाळं थोडं ढोबळ, वारा पन्नास मीटरवरचा. दोन्ही फुकट उतरवता येतात.

३१ किलोमीटर म्हणजे किती, हे एकदा नकाशावर आखून पाहा. कोयना खोरं, पाटणचा सडा आणि खालच्या कोकणाचा काही भाग एकाच चौकटीत येऊ शकतो. प्रारूपाला सह्याद्रीचा कडा दिसतच नाही, त्याला एक लांबट उतार दिसतो. त्यामुळे ईआरए-५ चा वेग आपल्या मास्टहून बराच कमी येतो. त्याने दचकू नका. आपल्याला संदर्भाचा वेग खरा असायला नको आहे, त्याचे चढउतार आपल्या जागेच्या चढउतारांबरोबर चालायला हवेत.

मालिका किती मागे न्यायची? जमेल तितकी लांब, हे उत्तर चुकीचं आहे. उपग्रहांची निरीक्षणं टप्प्याटप्प्याने वाढली, आणि त्यामुळे जुन्या दशकांत मालिकेचा स्वभावच बदललेला असू शकतो. मी शेवटची वीस वर्षं घेतो आणि दोन्ही मालिकांची बारा महिन्यांची सरकती सरासरी एकाच आलेखावर काढतो. दोन्ही रेषा बरोबर चालत असतील तर विश्वास ठेवावा. एखाद्या वर्षी फाटा फुटला आणि तो पुन्हा जुळला नाही, तर त्या आधीचा काळ सोडून द्यावा.

पायरी चौथी: घड्याळं जुळवणं

ही पायरी कुणी शिकवत नाही. रिॲनालिसिस चालतं जागतिक वेळेवर, आपला लॉगर भारतीय वेळेवर, आणि मधलं अंतर साडेपाच तासांचं. त्या अर्ध्या तासात सगळी मेख आहे. ईआरए-५ चा सहा वाजताचा आकडा म्हणजे आपले साडेअकरा, आणि तो त्या क्षणाचा वारा असतो. म्हणून मास्टचे अकरा ते बारा या वेळेतले सहा आकडे घेऊन त्यांची सरासरी त्याच्यासमोर ठेवायची. मेर्रा-२ ची नेहमी वापरली जाणारी तासाची सरासरी मात्र तासाच्या मध्यावर नोंदलेली असते. तिची साडेसहाची नोंद म्हणजे आपले बारा, आणि ती साडेअकरा ते साडेबारा हा काळ धरते. त्यात लॉगर दहा मिनिटांच्या सुरुवातीची वेळ लिहितो की शेवटची, हेही पुरवठादाराकडून विचारून घ्या.

खात्री करायची सोपी युक्ती: मास्टची मालिका दहा-दहा मिनिटांनी मागेपुढे सरकवून प्रत्येक वेळी सहसंबंध काढा. तो सर्वाधिक जिथे येतो ती जागा शून्याच्या आसपास असली पाहिजे. साडेपाच तासांवर शिखर आलं, तर काय झालंय ते सांगायला नको.

पायरी पाचवी: नातं बसवणं

इथे नवखा माणूस सरळ लघुतम वर्गांची रेषा टाकतो, सहसंबंध पाहतो आणि पुढे जातो. तिथेच तोटा होतो.

बनवलेल्या आकड्यांवर हिशेब करू. समान काळात जागेची सरासरी ६.४ मीटर प्रति सेकंद, प्रमाण विचलन ३.०. संदर्भाची सरासरी ५.०, विचलन २.०. सहसंबंध ०.८. लघुतम वर्गांच्या रेषेचा उतार येतो ०.८ गुणिले ३.० भागिले २.०, म्हणजे १.२, आणि छेद, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला कापते तो आकडा, ०.४. संदर्भाची वीस वर्षांची सरासरी ४.८ असेल, तर जागेचा दीर्घकालीन वेग ६.१६.

सरासरी ठीक दिसते. पण या रेषेने वर्तवलेल्या वेगांचं विचलन पाहा: १.२ गुणिले २.०, म्हणजे २.४. खरं होतं ३.०. रेषेने वाऱ्याचा फैलाव आवळला. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनावर जाते, म्हणून जोराचे तास गेले की ऊर्जा जाते. सरासरी ६.४ तशीच ठेवून, वितरणाचा तिरकेपणा बाजूला ठेवून घनाची सरासरी काढली, तर विचलन ३.० असताना ती सुमारे ४३५ येते आणि २.४ असताना सुमारे ३७३. सरासरी वेग तोच, ऊर्जा चौदा टक्क्यांनी कमी.

यावरचा साधा उपाय म्हणजे प्रसरण-गुणोत्तराची पद्धत. उतार सरळ दोन विचलनांचं गुणोत्तर धरायचा: ३.० भागिले २.०, म्हणजे १.५, आणि छेद उणे १.१. दीर्घकालीन सरासरी येते ६.१, पण फैलाव जपला जातो. संदर्भाचा वेग ०.७३ च्या खाली गेला की या रेषेतून उणे वेग निघतो, त्याला शून्य करायचं. तितक्या मंद वाऱ्यात चक्की तशीही फिरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे लघुतम वर्गांच्या रेषेवर तिच्या चुकांचा यादृच्छिक विखुर पुन्हा मिसळणं. तिसरा, मॅट्रिक्स पद्धत, ज्यात वेग आणि दिशा यांच्या जोड्या घेऊन संदर्भातली कुठली जोडी जागेवर कुठल्या जोड्यांत वाटली जाते याची संभाव्यता काढतात. ती चांगली आहे, पण तिला भरपूर आकडे लागतात. न्यूरल नेटवर्क वगैरेही लोक वापरतात. हातात एकच वर्ष असताना त्याचा फायदा सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून पहिल्या कामाला मी ते सुचवणार नाही.

पुस्तकं सांगतात की दिशेचे बारा भाग करा, तीस-तीस अंशांचे, आणि प्रत्येक भागाला वेगळी रेषा बसवा. आपल्याकडे हे फसतं. पावसाळ्याचा जवळजवळ सगळा वारा पश्चिमेच्या दोन-तीन भागांत गोळा होतो, हिवाळ्याचा पूर्वेच्या काहींत, आणि उत्तर-दक्षिणेचे भाग ओसाड. तिथे चार-दोन नोंदींवर बसवलेल्या रेषेला अर्थ नसतो. त्यापेक्षा ऋतूप्रमाणे विभागणी करा: जून ते सप्टेंबर एक, उरलेलं वर्ष दुसरं, आणि त्या दुसऱ्यात दिवस-रात्र वेगळे. पावसाळ्यातला वारा दूरवरच्या मोठ्या प्रवाहाचा असल्यामुळे रिॲनालिसिसला तो चांगला सापडतो. हिवाळ्यातल्या रात्रीचा वारा दरीखोऱ्यांचा, स्थानिक, तो त्याला नीट दिसत नाही. दोन्ही एकाच रेषेत कोंबले, तर हिवाळ्याची चूक पावसाळ्याच्या आकड्यांना लागते.

पायरी सहावी: नातं खरं आहे का ते पाहणं

सहसंबंधाचा आकडा अहवालात शोभून दिसतो, पण तो तपासणी नव्हे. वर्षभराचा एकत्र सहसंबंध तर फसवाच. जुलैत दोन्हीकडे वारा जास्त आणि ऑक्टोबरात दोन्हीकडे कमी, एवढ्यानेही तो फुगतो. प्रत्येक ऋतूच्या आतला सहसंबंध वेगळा काढा. तासाच्या आकड्यांवर तो ०.७ च्या खाली असेल, तर मालिका बदलून पाहा.

खरी तपासणी म्हणजे काही आकडे झाकून ठेवणं. ते झाकताना यादृच्छिक तास निवडू नका. दुपारी दोनचा वारा एक आणि तीनच्या वाऱ्यासारखाच असतो, त्यामुळे शेजारचे तास हाताशी असताना दोनचा अंदाज बरोबर येण्यात काही कर्तृत्व नाही. सलग तुकडे झाका: एक आड एक दहा दिवस, किंवा एकेक पूर्ण महिना. मग झाकलेल्या काळासाठी तीन गोष्टी ताडा: सरासरी वेग, घनाची सरासरी, आणि वेगांचा स्तंभालेख. तिन्हींत जी पद्धत टिकते ती घ्या. दोन-तीन पद्धतींची उत्तरं जवळ आली, तर त्यांतल्या फरकाला अनिश्चिततेचा एक भाग धरता येतो.

पायरी सातवी: वेगापासून विजेपर्यंत

दीर्घकालीन मालिका हाती आली की तिला वेबुल वितरण बसवतात, म्हणजे कुठला वेग किती वेळा येतो हे सांगणारा एक ठरावीक आकाराचा वक्र. पण आपल्या दोन-ऋतूंच्या वाऱ्यात स्तंभालेखाला कधी दोन उंचवटे येतात, आणि एकच वेबुल त्यावर ताणून बसवणं बरोबर नाही. हा वक्र चक्कीच्या पॉवर कर्व्हवर, म्हणजे कुठल्या वेगाला किती वीज हे सांगणाऱ्या आलेखावर, नेण्यापेक्षा तासागणिक मालिकाच नेली तर हा प्रश्न उरत नाही.

हवेची घनता विसरू नका. पॉवर कर्व्ह बहुधा १.२२५ किलो प्रति घनमीटर या प्रमाण घनतेला दिलेला असतो. ११५० मीटरवर, पंचवीस अंशांना ती सुमारे १.०३ भरते, म्हणजे सोळा टक्के कमी. उत्पादकाकडून त्या घनतेचा कर्व्ह मागून घ्या. जतच्या माळावर हा फरक कमी असतो, तरी असतोच.

पायरी आठवी: अनिश्चितता आणि बँकेचा आकडा

एकच आकडा घेऊन बँकेत जाता येत नाही. चुकांचे स्रोत वेगवेगळे मोजायचे आणि वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. समजा मोजणीची अनिश्चितता ३ टक्के, दीर्घकालीन अंदाजाची ४, उंची बदलण्याची २.५, जमिनीवरच्या प्रवाहाची ५. एकत्र ७.५ टक्के. ही वेगातली. वेग एक टक्क्याने बदलला की वीज किती बदलते, हे जागेच्या मालिकेवरूनच काढता येतं. ते १.६ टक्के धरलं, तर विजेतली अनिश्चितता १२ टक्के.

मधला अंदाज, म्हणजे पी-५०, पन्नास लाख युनिट असेल, तर नव्वद टक्के खात्रीचा पी-९० म्हणजे पन्नास गुणिले एक वजा १.२८२ गुणिले ०.१२, सुमारे ४२.३ लाख. हा दीर्घ काळाच्या सरासरीचा. बँकेला हप्ता दरवर्षी हवा असतो, म्हणून ती कुठल्याही एका वर्षाचा पी-९० विचारते. वर्षावर्षाचा वेगातला फरक ६ टक्के धरला, तर विजेत तो ९.६ टक्के होतो, एकूण अनिश्चितता १५.४ च्या आसपास जाते आणि आकडा ४०.१ लाखांवर उतरतो. हे ६ टक्के पाठ्यपुस्तकातून उचलू नका. आपल्याच वीस वर्षांच्या मालिकेतून वार्षिक सरासऱ्यांचं विचलन काढा.

जुन्या चक्क्यांच्या पठारावर

वनकुसवडे, चाळकेवाडीकडे आता नवं काम मोठं आहे ते जुन्या, लहान चक्क्या काढून मोठ्या बसवण्याचं. त्यासाठी केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये ते सुधारलं गेलं. अशा जागी मास्ट उभा केला, तर तो पश्चिमेच्या जुन्या चक्क्यांच्या मागच्या मंद, घुसळलेल्या वाऱ्यात येण्याची भीती असते, आणि त्या चक्क्या तर उद्या निघणार आहेत. म्हणजे आज मोजलेला वारा उद्याचा नसेल. मास्टसाठी पठाराची पश्चिम बाजू शोधा, कड्यापासून थोडं आत. तशी जागा नसेलच, तर कुठली चक्की कधी चालू होती याच्या नोंदी मालकाकडून मिळवा आणि बंद काळातला वारा वेगळा काढा.

जुन्या चक्क्यांनी एक फायदाही ठेवला आहे: दहा-वीस वर्षांच्या महिनावार युनिटांच्या नोंदी. बंद पडलेले दिवस आणि ग्रीडमुळे थांबवलेले तास वजा करून त्या मालिकेची ईआरए-५ शी तुलना करा. एखाद्या वर्षी रिॲनालिसिस वारा जास्त सांगतंय आणि चालू असलेल्या सगळ्याच चक्क्यांची युनिटं कमी पडलीत, तर नातं बसवण्याआधी त्या वर्षाचा छडा लावा.